राहून गेलेली ओव्हर

“...आणि ताट अजून वेगळंच?”

एस्तेरबाईंनी हे विचारलं ते लसूण सोलता सोलता, मान वर न करता.

वैजयंता व्हरांड्यात टेकली. तिला वाटलं होतं, बाई आधी पाठीवर हात ठेवतील, मग काय ते विचारतील.

एस्तेरबाई साळवे म्हणजे नगरच्या नर्सिंग शाळेतल्या जुन्या मेट्रन. वय ब्याऐंशी. त्यांच्या हाताखालच्या पोरी आता स्वतः सासवा झाल्या, पण बाई हाक मारणार ती माहेरच्याच आडनावानं. वैजयंताच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी या घरात ती ढगेच.

“सवय लागलीय, बाई,” ती म्हणाली.

“साथ संपून किती झालं?”

“दोन वर्षं.”

“हं...”

बाईंनी पुढची पाकळी घेतली.

मग वैजयंतानं सगळं सांगितलं. करोनाच्या साथीत वॉर्डात ड्यूटी करत चार महिने ती लॉजवर राहिली. ज्या कॉलनीनं तिच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्याच कॉलनीनं ती घरी येताच दारावर चिठ्ठी डकवली, की मागच्या जिन्यानं ये-जा करावी. दूधवाला पिशवी फाटकालाच अडकवून पळायचा. पुढं साथ ओसरली आणि त्याच लोकांनी गणपतीत तिला शाल-श्रीफळ दिलं. हे सांगताना ती हसली. हसून सांगण्यासारखं तेवढंच होतं.

कॉलनीला माहीत नव्हतं ते वेगळंच. कॉलनी म्हणजे काय, कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या हेही मोजणारी माणसं. पण त्यांनाही कळलं नाही, की ही बाई अजून गॅलरीतल्या खोलीत एकटी झोपते, स्वतःचं ताट-वाटी निराळं घासते. नऊ वर्षांची लेक मनवा धावत आली, की हिचा हात आपोआप आडवा होतो. ‘थांब, आंघोळ होऊ दे.’

आता मनवा धावत येत नाही. परवा तिचा दात पडला, तो तिनं बापाला दाखवला.

नवऱ्यानं फोनवर बाईंना ताटाचं सांगितलं होतं. आज सकाळी त्यानं रिक्षा बोलावली आणि म्हणाला, बाईंना भेटून ये. ती रिक्षा बाईंच्या फाटकाशी उभीच होती.

“तुला रडू येतं का?” बाईंनी विचारलं.

“मी कच्ची नाही, बाई.” वैजयंताची मान ताठ झाली. “निम्म्या पोरी नोकरी सोडून गेल्या. मी एक रजा घेतली नाही. माझ्या हातात गेलेल्या एकूण एक पेशंटचं नाव मला पाठ आहे. एकतीस जण.”

“एकतीस...”

“एकही विसरले नाही.”

“मग त्यांची ओव्हर कुणाला दिलीस?”

ओव्हर म्हणजे नर्सेसचा रोजचा रिवाज. ड्यूटी बदलताना जुनीनं नवीला घेऊन खाटेखाटेशी जायचं; नाव काय, सलाईन कुठवर आलं, रात्र कशी गेली, सगळं सांगायचं. नवी ‘घेतली’ म्हणाली की जुनी सुटली. तोवर भूकंप झाला तरी वॉर्ड सोडायचा नाही, हे बाईंनीच पोरींच्या अंगात मुरवलेलं.

“गेलेल्यांची कुठं ओव्हर असते, बाई? तासाभरात त्या खाटेवर दुसरा यायचा.”

बाई उठल्या. लुगड्यावरची सालं झटकली, पदर खोचला, आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथं तुपाच्या जुन्या डब्यांत तुळस, मिरची, कोरफड असं काय काय ओळीनं लावलेलं होतं.

पहिल्या डब्याशी त्यांनी बोट केलं.

“बेड नंबर एक.”

“बाई, हे काय...”

“मी ड्यूटीवर आलेय, ढगे. उभ्यानं तिष्ठत ठेवू नकोस.”

वैजयंता उठली. वीस वर्षांची सवय. पाय आपोआप जुळले.

“बेड एक. भिकाजी दरंदले. एकसष्ट. मास्क काढून चहा मागायचे. मी उद्या देते म्हणाले...”

“घेतली. पुढं.”

“रुखसार. सव्वीस. बाळ सात महिन्यांचं. व्हिडिओ कॉलचा फोन मी धरला होता. बाळ हसत होतं...”

“घेतली.”

डबे संपले, तशा दोघी उलट्या वळल्या. कुणाचं घड्याळ पिशवीत घालून फाटकाबाहेर दिलं, कुणाच्या कुडीचा एक मोती सापडला नाही. एकतिसावं नाव घेऊन झालं. पदरानं तोंड पुसून ती पायरीकडं निघाली.

“कुठं चाललीस? वॉर्ड अर्धाच झाला.”

“झाले एकतीस.”

“घरी गेलेले सांग.”

वैजयंता उभी राहिली.

“ते... रजिस्टरला असतील.”

“ओव्हर तू देतेयस का रजिस्टर?”

एक नाव आठवेना. शेकड्यांनी माणसं घरी गेली होती, आणि हिच्याकडं एक नाव नव्हतं. कान तापले. बाई मिरचीच्या डब्याशी तशाच उभ्या, कमरेवर हात ठेवून.

“एक पाथर्डीचे आजोबा होते,” ती शेवटी म्हणाली. “शेजारच्याची बिस्किटं चोरायचे.”

“नाव?”

“नाव नाही आठवत. घरी गेले. चालत.”

“घेतली.”

“एक मावशी... बेड सात. आम्ही त्या पांढऱ्या किटमध्ये, नुसते डोळे दिसायचे. दहा दिवस मला दादा म्हणायची. दादा, पाणी द्या. दादा, तिकडं बघा, मला लुगडं सारखं करायचंय.” वैजयंतानं पदर सारखा करून दाखवला. “डिस्चार्जच्या दिवशी फाटकाशी मला साध्या कपड्यांत बघितलं. म्हणाली, अगं बया, दहा दिवस मी परक्या बाप्याची लाज धरली, आणि तू तर बाईच निघालीस...”

आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती पायरीवर बसली आणि मग रडली. दोन वर्षांचं रडली. बाई जवळ गेल्या नाहीत, गप्पही केलं नाही. थांबल्या.

“...घेतली,” मग म्हणाल्या. “सगळी घेतली. निघ आता.”

वैजयंतानं डोळे पुसले आणि घरी फोन लावला. मनवानं उचलला. आई निघालीय म्हटल्यावर तिनं विचारलं, तुझी आंघोळ झाल्यावर येऊ ना जवळ?

“नको,” वैजयंता म्हणाली. “दारातच थांब. आधी जवळ ये, मग आंघोळ.”

फाटकापर्यंत जाऊन ती वळली. बाई अजून डब्यांच्या ओळीशीच उभ्या होत्या. एवढीशी मूर्ती, आणि माथ्यावर एवढी माणसं.

“बाई, ही ओव्हर तुम्ही कुणाला देणार?”

एस्तेरबाईंनी दारावरच्या क्रुसाकडं एकदा पाहिलं आणि त्या लसणाच्या सुपाकडं परत निघाल्या.

“माझ्यानंतर ज्याची ड्यूटी आहे, ढगे, तो कधी उशिरा येत नाही.”