चालणाऱ्यांची वस्ती

"मग वडशेतच्या माणसांनी गाडीला जायचं कुठनं?"

मल्हारबुवांनी हे पुन्हा विचारलं, आणि शिरीष हुलवळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगितलं ना, बुवा. बाहेरच्या रस्त्यानं."

"त्यो तर टेकाडाला वळसा घालून जातो."

"पण पक्का आहे. दिवे आहेत."

"दिवं हायेत..." बुवा म्हणाले, आणि गप्प बसले.

बुवांचं गप्प बसणं शिरीषला लहानपणापासून ठाऊक होतं. ते विचार करत नसत. पुढचा फटका कुठे मारायचा ते बघत.

मावळातलं हे वडशेत स्टेशन तसं आडबाजूचं. गाव एकीकडे, फलाट दुसरीकडे, मध्ये पडीक माळ आणि माळाच्या कडेला मल्हारबुवांची ही मठी. गावातून गाडीला जाणारा प्रत्येक माणूस मठीच्या अंगणातून जाई. दूधवाला, कॉलेजच्या पोरी, नव्या नवरीला घेऊन निघालेलं वऱ्हाड, सगळे. बुवा ओसरीवर बसून सगळ्यांवर खेकसत. चपला घासू नका, बिड्या टाकू नका, एवढ्या मोठ्यानं हसता कशाला. शांत, प्रसन्न महात्मा पाहिजे असेल तर त्यानं दुसरी मठी बघावी. इथे प्रसादाचं खोबरंसुद्धा हातावर आपटून मिळायचं.

आणि याच ओसरीवर बुवांनी शिरीषला पाढे शिकवले होते. चुकला की छडी, बरोबर आला की दुप्पट अवघड पाढा. त्या शिकवणीवर तो परदेशी गेला, नगररचनाकार झाला, नावाजला गेला. आता वडशेत स्टेशनभोवतीच्या या माळावर होणाऱ्या नव्या वसाहतीचा आराखडा त्याच्या हातचा होता.

उद्या त्यावर गावाची सुनावणी होती. गावानं एकच सांगितलं होतं, बुवा म्हणतील ते.

म्हणून शिरीष आज आला होता. संध्याकाळच्या गाडीनं आई डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत येणार होती. तेवढ्यात बुवांचा होकार घ्यायचा आणि आईबरोबर घरी जायचं, असा त्याचा हिशेब होता.

"त्या सुनावणीच्या नोटिशीत काय लिव्हलंय, वाच एकदा," बुवा म्हणाले.

"पादचारी-स्नेही, संमिश्र-वापर, स्थानक-केंद्रित वसाहत."

"ह्यो कुठल्या देवाचा मंत्र?"

शिरीषला हसू आलं नाही. ती सरकारी मराठी त्याचीही नव्हती.

"चालणाऱ्यांची वस्ती, बुवा. स्टेशनाला लागून. खाली दुकानं, वर घरं. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी, वाचायला खोली, सगळं पायी गाठता येईल असं. मोटारी बाहेर ठेवायच्या. आत सावलीचे रस्ते आणि माणसं. म्हाताऱ्या माणसाला औषधासाठी मुलाच्या गाडीची वाट बघायला नको. आई कामावरून येऊन गाडीतून उतरली की जाता जाता पोराला शाळेतून घेईल."

बोलता बोलता त्याचा राग थोडा निवळला. हे चित्र त्यानं इतकी वर्षं जपलं होतं की त्याविषयी रागावून बोलणं त्याला जमतच नसे.

बुवांच्या कपाळावरच्या आठ्याही सैल झाल्या.

"हे ब्येस हाय."

"आहे ना?"

"ब्येस हाय म्हन्तो ना. माणसं चालली म्हंजे दुकान चालतंय. दुकान चाललं म्हंजे घर चालतंय." बुवांनी मान हलवली. "पाढा बरूबर आला तुझा."

शिरीषचा जीव भांड्यात पडला. तो पाया पडायला वाकलाच होता...

"मग फाटक कशापायी?"

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. बुवांनी ओसरीवर पसरलेल्या आराखड्यावर बोट ठेवलं होतं.

"ह्या नकाशात हितं काय काढलंयस? मठीच्या तोंडाला."

"ते... प्रवेशद्वार आहे. रहिवाशांना कार्ड मिळेल. कार्ड लावलं की उघडेल."

"आन ज्याच्यापाशी कार्ड न्हाई?"

"त्याच्यासाठी बाहेरचा रस्ता आहे!"

आता मात्र शिरीष उसळला. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"तुम्हाला काय माहिती आहे मी काय काय केलं ते? बिल्डरला इथे नुसते टॉवर हवे होते. खाली पार्किंगचे मजले आणि वर टॉवर. त्याच्याशी भांडून मी खाली दुकानं आणली. सरकारी साहेबांशी भांडून मोटारी बाहेर काढल्या. झाडं वाचवली. लोक मला वेडा म्हणाले. शेवटी बिल्डर एवढंच म्हणाला, फाटक पाहिजे. फाटक नसेल तर घरं विकली जात नाहीत. घेणाऱ्यांना बाहेरची माणसं आत नको असतात. एक अट, बुवा! इतक्या सगळ्यातली फक्त एक! ती मी चालवून घेतली."

"तू चालवून घेतलीस."

"हो!"

"आन आता म्या चालवून घ्यायची."

"हो! नाहीतर उद्या सगळंच बुडेल. परत टॉवर येतील. मग बसा ओसरीवर आणि खेकसा सिमेंटवर!"

गुरूशी असं बोलायचं नसतं. शिरीषला ते कळत होतं, आणि कळत असूनही त्याला बरं वाटत होतं.

बुवा उठले.

त्यांचे गुडघे वाजले. खांबाला धरून ते ओसरीवरून उतरले, अंगण ओलांडून माळाकडच्या तोंडाशी गेले. तिथे सागवानी फाटकाची दोन दारं भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्या तळाशी गवत वाढलं होतं. बुवांनी एक दार ओढलं. ते हललं नाही. त्यांनी दाराला एक सणसणीत शिवी घातली आणि पुन्हा ओढलं.

"बुवा, काय करताय?"

दार करकरत आलं. मग दुसरं. बुवांनी कोपऱ्यातला अडसर उचलून आडवा घातला आणि फाटकाला पाठ लावून खाली बसले.

शिरीष ओसरीच्या पायरीपर्यंत आला. मठीचं फाटक लावत नाहीत. ते एकाच वेळी लागतं, मठीचा बुवा गेला म्हणजे. आधीचे बुवा गेले तेव्हा लागलेलं त्यानं लहानपणी पाहिलं होतं. त्यानंतर आज.

"उघडा ते. हे अशुभ आहे."

"नकाशात काढताना न्हाई वाटलं?"

"ते वेगळं..."

स्टेशनात गाडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं माळावरून पावलं ऐकू येऊ लागली. कुणी मोठ्यानं बोलत होतं, कुणी हसत होतं, कुणाच्या पिशवीतलं भांडं वाजत होतं. फाटकाजवळ येता येता हसणं थांबलं. बोलणं थांबलं. मग पावलंही थांबली.



"अगं बया," एक म्हातारा आवाज आला. "बुवा गेलं."

आवाज शिरीषच्या आईचा होता.

पलीकडे चपला काढल्याचे आवाज झाले. एकानं काढल्या, मग सगळ्यांनी. कुणीतरी हुंदका दिला. "सकाळी मला शिव्या घातल्या हुत्या की," एक बाप्या रडवेल्या आवाजात म्हणाला.

शिरीष धावत फाटकाशी आला.

"उठा, बुवा. बाजूला व्हा. माझी आई आहे बाहेर."

बुवा हलले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. डोळे रागानं लाल झाले होते, आणि त्या रागाच्या मागे दुसरंही काही होतं.

"रहिवासी हाय का?"



पलीकडे आई गुडघे टेकत होती. तिला खाली बसायला किती त्रास होतो ते त्याला ठाऊक होतं. तिचं कण्हणं त्याला दाराच्या फटीतून ऐकू आलं. डोळ्यांत औषध घातलेलं असणार, तिला नीट दिसतही नसणार. आणि ती दुसऱ्यासाठी रडत होती.

"आई!" तो ओरडला. "बुवा आहेत! इथेच आहेत! धडधाकट आहेत!"

बाहेर कुजबुज झाली. मग तोच बाप्या म्हणाला,

"मग गेलं कोण?"

  

शिरीषला बिल्डरचा राग आला. घरं घेणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसांचा आला. बुवांचा तर आलाच. शेवटी तो राग ज्याच्यावर येऊन थांबला ते त्याला अजिबात आवडलं नाही.

त्यानं वाकून बुवांना काखेत धरून उठवलं, बाजूला केलं. अडसर काढून भिंतीवर भिरकावला. खांद्यानं रेटून दोन्ही दारं उघडली.

माणसं हातात चपला घेऊन उभी होती. बुवांना उभं बघून कुणाला हसावं की रडावं ते कळेना. मग बुवाच ओरडले, "बघताय काय? मेला न्हाई अजून! चला, वाट अडवू नगा!" आणि सगळे हायसं वाटून अंगणातून जाऊ लागले. एक पोरगी जाता जाता बुवांच्या पायाला हात लावून गेली. तिलाही एक शिवी मिळाली.

आई शेवटी आली. शिरीषनं तिचा हात धरला.

"फाटक कुनी लावलं रं?"

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा भिंतीकडे बघत होते.

"मी, आई."

"शिकून शिकून ह्येच शिकलास?" तिनं हात सोडवून घेतला. "काळीज हातात आलं माझं. ये घरी, भाकरी टाकते." आणि पदरानं डोळे पुसत, चाचपडत, रोजच्या वाटेनं गावाकडे निघाली.

अंगण रिकामं झालं.

"बुवा..."

"काय?"

"उद्या फाटक खोडलं तर बिल्डर उठून जाईल. आराखडा चालणार नाही." शिरीषनं भिरकावलेला अडसर उचलून कोपऱ्यात ठेवला. "आणि नाही खोडलं तर... ती वस्ती चालणार नाही. इतक्या वर्षांचं काम आहे माझं. मला काही सुचत नाहीये. तुम्ही नुसते ओरडता. एकदा तरी नीट सांगा. मी काय करू?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. ती गावाकडच्या उताराला लागली होती.

बुवांनी हात उचलला आणि ती चालत होती त्या उघड्या वाटेकडे बोट केलं.

"चालता हो."