धाकट्या भाचीचा होकार

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या एका बेटावर मिनांगकबाऊ लोकांचे एक गाव होते. तिथे घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाई. मामा त्याची राखण करी, पण मालक नसे. शेत कोणाला द्यायचे तर घरातल्या प्रत्येकीला 'हो' म्हणावे लागे.

त्या गावातल्या एका मोठ्या घराचे छप्पर गळू लागले. पाऊस आला की सगळ्या जणी चटया ओढत कोरडी जागा शोधत.

एके दिवशी तिथे एक व्यापारी आला. मामाला म्हणाला, "तुमचं सगळ्यात वरचं लहानसं शेत मला द्या. छप्पर नवं करून देतो."

मामाने व्यापाऱ्यासमोरच सगळ्यांना बसवले आणि थोरल्या मावशीपासून एकेकीला विचारले.

"माझ्या हाडांत ओल शिरलीय. देऊन टाक," मावशी म्हणाली. बाकीच्याही 'हो' म्हणाल्या.

शेवटी धाकट्या भाचीची पाळी आली. ती फारशी बोलत नसे. त्या सकाळी ती वरच्या शेतात बदके राखत होती. व्यापारी तिथे आला होता. आता ती चटईची काडी उकलत गप्प बसली.

"ही काय बोलणार? हिला भूक लागली तरी रिकाम्या ताटावरून ओळखायचं," मामा म्हणाला. "गप्प आहे म्हणजे हो."

"थांब रे," मावशी म्हणाली. "आपल्यात गप्प म्हणजे गप्प. तिला बोलू दे."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिचे कान तापले.

"शेत लहान आहे," ती चटईकडे पाहत म्हणाली, "पण पाटाचं तोंड त्यातच आहे. गावाचं सगळं पाणी तिथून उतरतं. यांनी भाताकडे पाहिलंच नाही. पाटाचं तोंड तेवढं पावलांनी मोजलं."

व्यापारी हसला. "पोरीची नजर बारीक आहे."

"मग पाट सोडून बाकीचं शेत घ्या," मावशी म्हणाली.

व्यापाऱ्याने चपला घातल्या आणि तो जिना उतरला.

छप्पर मात्र गळतच होते. मग मामा त्या पाटावर शेती करणाऱ्या प्रत्येक घरी गेला आणि त्याने घडले ते सांगितले. दुसऱ्या दिवसापासून एकेका घरातून ताडाच्या काथ्याचा एकेक भारा येऊ लागला. आठ दिवसांत छप्पर शाकारून झाले.

व्यापाऱ्याला शेजारच्या खोऱ्यात तसेच शेत मिळाले. त्या उन्हाळ्यात तिथले लोक पाण्यासाठी त्याच्या दारात उभे राहिले.

पुढच्या पावसात नव्या छपरातून एकच थेंब पडला, तो नेमका मामाच्या टकलावर. मामाने वर पाहिले, मग भाचीकडे.

"इथली फट तुला दिसली होती?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मामा."

तात्पर्य: गप्प बसलेल्याचा होकार गृहीत धरू नये, त्याला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.