समोर कोण होतं?

गोष्ट तशी फार जुनी नाही. सरोजिनी फोटोग्राफरच्या कपाटात एक जुनी, नावाजलेली लेन्स होती आणि हुबेहूब तिच्यासारखी घडवलेली एक नवी. नवीला घडीभर चैन नसे. "आजी, तुमच्यासारखा मऊ उजेड मला जमेल ना? नाहीतर लोक नकली म्हणतील."

जुनीच्या काचेला बुरशी लागली आणि नवीची पाळी आली. आजीसारखा उजेड पाडायला ती नुसती धडपडली. फोटो धुरकट आला.

"नाही हो जमत मला!" कपाटात परत येऊन ती आजीपाशी रडू लागली.

"ते राहू दे. समोर कोण होतं?"

"कुणीतरी म्हातारे गृहस्थ."

"हसत होते का गं?"

नवीने ते पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ फोटोसाठी पुन्हा आले. या वेळी नवीला उजेडाचं भानच राहिलं नाही. फोटो स्वच्छ आला: बोळकं तोंड हाताने झाकून ते हसत होते.