विड्याच्या पानावरची पोथी

हैबतराव महाराजांनी दसऱ्यासाठी मोत्यांचा तुरा मागवला आणि दारात येऊन उतरली पिठाची गिरणी!

मागवली कुणी? महाराजांच्या नव्या एजंटानं. हा एजंट म्हणजे पेटीत राहणारा बिनपगारी नोकर. पेटीला एक डोळा, एक तोंड, एक हात आणि आत ब्राउझर. हुकूम सोडला की हा स्वतःच दुकानाचं पान उघडायचा, बटणं दाबायचा, नाव-पत्ता लिहायचा. राजाच्या काळात ब्राउझर कुठून आला, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं आधी गिरणी कुठून आली ते विचारावं.

"मिरवणुकीत मी काय गिरणी डोक्यावर घेऊन बसू?" महाराज गरजले. "शास्त्रीबुवा, एजंटासाठी पोथी तुम्हीच लिहिलीत ना?"

ढवळेशास्त्री पुढे झाले. पोथी बैलगाडीतून आणावी लागे, एवढी जाड. "महाराज, मी स्पष्ट लिहिलंय, वरून तिसरं बटण तुऱ्याचं. दुकानदारानं आज वर गिरणीची जाहिरात चिकटवली, त्याला मी काय करू?"

तेवढ्यात राणीसाहेबांच्या पडद्याआडून कुणीतरी फिस्सकन हसलं. राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेली सगुणा कासारीण होती ती. हसू दाबायचा तिनं फार प्रयत्न केला, पण गिरणीकडे नजर गेली आणि घात झाला.

"हसतेस? मग तूच लिही पोथी," महाराज म्हणाले. "पण माझ्या दोन अटी. एक, ती विड्याच्या एका पानावर मावली पाहिजे. दोन, ती वाचल्यावर एजंटानं मला एकही प्रश्न विचारता कामा नये. काल दुपारी मी डोळा लावला, तर हा 'महाराज, पत्ता तोच का? महाराज, रंग कोणता?' विचारत बसला. तुला नाही जमलं, तर बाजारातलं तुझं दुकान उठवीन आणि तिथे या पेटीचं देऊळ बांधीन."

सगुणाचं हसू जागच्या जागी वाळलं. ते दुकान तिच्या आजीपासूनचं. ती पुन्हा राणीसाहेबांचा हात धरून बसली. चार बोटं चेपली, अंगठा आत दुमडला, बांगडी सरकवली, पुन्हा हात पाहिला.

"अगं, मागच्या महिन्यात माप घेतलं होतंस ना?" राणीसाहेब म्हणाल्या.

"घेतलं होतं. पण मागचं माप आठवून आजची बांगडी घातली, तर बांगडीही फुटते आणि बाईही ओरडते." एवढं बोलली आणि स्वतःच थबकली. मग म्हणाली, "राणीसाहेब, तुमच्या तबकातलं एक पान द्या. आणि थोडा चुना."

काडीनं तिनं पानावर चुन्याच्या चार ओळी काढल्या आणि पडद्याबाहेर येऊन पान पेटीच्या डोळ्यासमोर धरलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "हिनं बटणांचे क्रमांकसुद्धा दिले नाहीत!"

एजंटानं दुकानाचं पान उघडलं. बघितलं. तुऱ्याच्या बटणाकडे हात नेला, तर वरून मिठाईची जाहिरात धपकन येऊन बसली. मागच्या वेळेसारखं यानं डोळा मिटून बोट दाबलं असतं आणि दारात पेढ्यांची गाडी आली असती. आज त्यानं हात मागे घेतला, पुन्हा बघितलं, जाहिरात बाजूला सारली, तुरा शोधला, दाबला, आणि काय झालं ते परत बघितलं.

समोर दोन तुरे आले. एक सोनेरी, एक रुपेरी.

एजंट अडला. दरबार पुढे वाकून बघू लागला. सगुणाच्या हातातल्या बांगड्यासुद्धा वाजेनात. महाराज मिशीला पीळ देत वाट पाहू लागले, आता विचारतो की मग विचारतो.

पेटी खाकरली. "राणीसाहेब, सोनेरी की रुपेरी?"

"हरली!" महाराज ओरडले. "प्रश्न विचारला त्यानं. काय लिहिलंयस त्याला? वाच मोठ्यानं."

सगुणानं पान उलटं धरलं, सुलटं केलं आणि वाचलं, "आधी बघ. मग हात लाव. लगेच पुन्हा बघ. अडलास तर राणीसाहेबांना विचार."

"पण मी म्हटलं होतं..."

"महाराजांना विचारायचं नाही, असं म्हटलं होतंत. नाही विचारलं त्यानं."

"राजा मी आहे! मग हिला का विचारलं?"

"आता महाराज," सगुणा हात जोडून म्हणाली, "या राजवाड्यात शेवटी कुणाला विचारायचं असतं, हे त्या पेटीला आज कळलं. तुम्हाला तर लग्नापासून ठाऊक आहे."

पडद्यामागून आवाज आला, "रुपेरी घे रे. सोनेरीत हे कोंबडा दिसतात."

दरबारानं खाली मान घातली. महाराजांचा चेहरा आधी लाल झाला, मग गाल थरथरले, आणि मग ते असे हसले की मुकुट घरंगळत गिरणीत जाऊन पडला. हसता हसता ठसका लागला, तसं त्यांनी सगुणाच्या हातातलं पान घेतलं, सुपारी घातली आणि तोंडात टाकलं.

"अहो महाराज, पोथी खाल्लीत!" शास्त्रीबुवा किंचाळले.

"खाऊ द्या," सगुणा म्हणाली. "पेटीनं वाचलीय ती. तुमची तर बैलांनाही ओढवत नाही."

"माग, काय हवं ते माग," महाराज डोळे पुसत म्हणाले.

"दुकान माझं राहू द्या. आणि ती गिरणी द्या."

"दिली! पण मुकुट तेवढा काढून घेऊ दे."

तेव्हापासून सगुणाच्या दुकानात एका बाजूला बांगड्या आणि दुसऱ्या बाजूला दळण. रुपेरी तुरा लावलेले महाराज मिरवणुकीतून तिथून गेले, तेव्हा रांगेत गव्हाचा डबा घेऊन ढवळेशास्त्री उभे होते. वरून तिसरे.