ताजा पियानो, शिळा पियानो

"दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलतोय आणि कोण ते आमच्या दरबारात एकालाही सांगता येऊ नये?" राजे उदाजीराव कडाडले.

टेंभूरगडचा दरबार भरला होता. समोर विजेवरचे दोन पियानो ठेवले होते, दोन्ही सारखेच काळे, सारखेच चकचकीत. एकामागे गोल गरगरीत हिराशेठ उभा, दुसऱ्यामागे काटकुळे निळकंठराव. राजेसाहेबांचा जुना लाकडी पियानो वाळवीने फस्त केला होता आणि सकाळी उठून पियानो बडवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. म्हणून हा सगळा घाट.

आता विजेचे पियानो दोन जातींचे. पहिल्या जातीत खऱ्या पियानोची एकेक पट्टी कधी हळू, कधी जोरात वाजवून तो आवाज यंत्रात भरून ठेवतात. तुम्ही बोट ठेवलं की भरलेला आवाज बाहेर! दुसऱ्या जातीत भरलेलं काहीच नसतं. हातोडी तारेवर कशी पडेल, तार कशी थरथरेल, लाकूड कसं घुमेल, याचं गणित यंत्र दर वेळी नव्याने मांडतं आणि आवाज जागच्या जागी घडवतं.

"आम्हाला दुसराच हवा!" राजेसाहेबांनी फर्मावलं होतं. "आम्ही शिळं खात नाही, शिळं ऐकणारही नाही!"

झालं! दोघेही व्यापारी छातीवर हात ठेवून सांगू लागले, "माझाच ताजा, सरकार!" राजेसाहेबांनी दोन्ही पियानो तीनतीनदा ऐकले. दिवाणजींनी डोळे मिटून ऐकले. राजगवयांनी मान डोलवत दोन्हींना दाद दिली आणि घोळ आणखी वाढवला. फरक काही कळेना.

कोपऱ्यात गोजरा उभी होती. जुन्या पियानोला सूर लावायचं काम तिचं, तिच्याआधी तिच्या बापाचं. सकाळीच दिवाणजींनी तिला बजावलं होतं, "यंत्राला सूर लावावा लागत नाही. आता तुझं इथं काय काम? महिनाअखेर मागच्या अंगणातली खोली मोकळी कर." खोली सोडून जायचं कुठं? तारा पिळण्यापलीकडे तिला दुसरं काही येत नव्हतं. पण तारा मात्र तिच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या! ती पुढे झाली.

"सरकार, मी वळखून दावते. वळखलं, तर खोली माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

राजेसाहेबांच्या मिशा फुरफुरल्या. "आम्हाला ओळखू येईना आणि तुला येणार? बरं! पण कानांत कापसाचे बोळे घालून ओळखायचं! सूर लावणाऱ्या बाईने कानांनी ओळखलं, तर त्यात कसलं आलंय कौतुक?"

उघड्या कानांनी राजगवयांचं काय झालं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण बोलायची कोणाची टाप होती?

"चालंल, सरकार. फकस्त दोघांस्नी एक काम सांगीन. तेवढी मुभा द्या."

"दिली! पण चुकलीस तर महिनाअखेर नाही, आजच गाशा गुंडाळायचा!"

दिवाणजींनी स्वतःच्या हातांनी तिच्या कानांत बोळे कोंबले आणि वरून फडकं आवळलं. गोजरापुरता दरबार मुका झाला. तिने दोन्ही पियानोंवरची मधली एकच पट्टी बोटाने दाखवली आणि कान बंद असलेलं माणूस बोलतं तशी ओरडून बोलली, "खऱ्या पियानोत ह्या पट्टीला तीन तारा असत्यात! तिनातली एकच तार जराशी ढिली करा! बाकीच्या दोन हायेत तशाच ऱ्हाऊ द्यात!"

निळकंठरावांनी चष्मा लावला, बाजूचं एक बटण दोन वेढे फिरवलं आणि पट्टी दाबली. गोजराला काही ऐकू आलं नाही. पण दात आंबल्यासारखं तोंड करून राजेसाहेब आसनावरून अर्धवट उठलेले तिला दिसले.

हिराशेठचा हात हलला नाही. हललं ते तोंड! "ढिली? सरकार, माझ्या पियानोची तार जन्मात ढिली होणार नाही! हवं तर अख्ख्या पियानोचा सूर वरखाली करून देतो. पण तिनातली एकच कशी ढिली करू? म्हणजे चहात विरघळलेली साखर परत काढायची! तिन्ही तारांचा आवाज एकदमच भरलाय..." त्याने जीभ चावली, पण तोवर गोजराचं बोट त्याच्या नाकासमोर आलं होतं.

"शिळा ह्यो!"

बोळे निघाले. राजेसाहेब थक्क होऊन म्हणाले, "अगं, तुला तर काहीच ऐकू आलं नाही! मग कळलं कसं?"

"ऐकायचं हुतंच कुठं, सरकार? घडवणाऱ्याला बिघडवताबी येतं. भरून ठेवणाऱ्याला हाय तेवढंच वाढता येतं. एकाचा हात चालला आन् दुसऱ्याचं नुसतं तोंड!"

"वा!" राजेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "खोली तुझी!"

दिवाणजी पुढे सरसावले. "खोली दिलीत, ठीक आहे, सरकार. पण कामावर कशाला ठेवायची? यंत्राला सूर लावायला माणूस लागतंच कुठे?"

गोजराने निळकंठरावांच्या पियानोची तीच पट्टी दाबली. ढिल्या तारेचा असा काही भेसूर आवाज निघाला, की राजगवयांनी कानांवर हात ठेवले.

"दिवाणजी, तार तुमच्याम्होरंच उतरली," गोजरा म्हणाली. "या, लावा!"

दिवाणजी बटणांच्या रांगेकडे बघतच राहिले. राजेसाहेब इतके हसले, की पगडी मांडीवर आली! त्यांनी बोटातली अंगठी काढून गोजराच्या हातावर ठेवली, तिचा पगार दुप्पट केला आणि हसता हसताच हुकूम सोडला, "हिराशेठचा पियानो दिवाणजींच्या खोलीत नेऊन ठेवा रे. सूर लावणारं माणूस नको असेल, तर शिळंच ऐका म्हणावं!"