माती न लागलेली पाठ

“मग दवाखान्यातल्या टेबलावरनं उठून का आलास?” कासम वस्तादांनी विचारलं.

जोतिरामनं लंगोटाची गाठ आवळली आणि हौद्यातल्या तांबड्या मातीकडं बघत राहिला.

“छातीची पट्टी काढायची म्हणाले, ईसीजी. वायरी लावत्यात. ती नर्स म्हणाली, उताणं झोपा.”

“मग?”

“वस्ताद... मी? उताणा?”

तालमीतली पोरं हसली नाहीत. कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास, आणि जोतिरामची पाठ कधी लागलीच नव्हती. तीन कुस्त्या गुणांवर गेल्या, दोन बरोबरीत सुटल्या, पण त्याला चारीमुंड्या चीत करणारा माईचा लाल अजून भेटायचा होता. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी न विचारता, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आता वय सेहेचाळीस, दूध संघाच्या गोदामात मुकादम. मैदान सुटून बारा वर्षं झाली होती, ऐट काही सुटली नव्हती.

उंबऱ्याबाहेर त्याची बायको शालन उभी होती. बायकांनी तालमीत यायचं नाही हा जुना रिवाज, म्हणून ती बाहेरूनच बोलली.

“पंधरा दिवसांत तीनदा कळ आलीया, वस्ताद. जिन्यावर बसून घेत्यात. पोरीनं विचारलं तर सांगत्यात, बुटाची नाडी सुटली. चप्पल घालत्यात हो ते.”

“शालन, तू गप ऱ्हा.”

“न्हाई ऱ्हात. मामंजी पंचेचाळिसाव्या वर्षी गेलं. सासूबाई गप बसल्या हुत्या. मी न्हाई बसायची.”

तिचा आवाज जराही चढला नाही. पण ही बाई आज दारातून हलणार नाही, हे आतल्या सगळ्यांना कळलं.

“उगं बाऊ करतीया,” जोतिराम म्हणाला. “सकाळीच दोनशे जोर मारल्यात.”

“गेल्या आठवड्यात किती मारत हुतास?”

“...चारशे.”

“दिवाळीत?”

जोतिरामनं लंगोटाची गाठ पुन्हा आवळली.

वस्तादांनी त्याला खालवर न्याहाळलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. कान मोडलेले, गुडघे गेलेले, नजर तेवढी शाबूत. त्यांच्याही पाठीला उभ्या आयुष्यात कुणी माती लावली नव्हती. पंचक्रोशीत म्हातारी माणसं अजून पोरांना ते सांगायची.

“तुमीच शिकवलंय,” जोतिराम हट्टानं म्हणाला. “जीव गेला तरी पाठ टेकायची न्हाई. ह्याच मातीत शिकवलंय.”

घाव बरोबर वर्मी बसला. खरंच त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना एक थोबाडीतही दिली होती.

“व्हय,” वस्ताद शेवटी म्हणाले. “मीच.”

त्यांनी डोक्याचा पटका सोडून कठड्यावर ठेवला. सदरा काढला. हौद्यात उतरले, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली.

लढत करणारी पोरं बाजूला झाली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता जोतिरामला अंगावर घेतो. जोतिरामलाही तेच वाटलं. गुरूला हात कसा घालायचा?

वस्ताद मातीत बसले. एक हात मागं टेकला. मग दुसरा. मग अगदी सावकाश, कण्हत, आडवे झाले.

कुशीवर नाही. उताणे. दोन्ही खांदे मातीला टेकेपर्यंत.

कडेची पोरं वाकून बघायला लागली.

“वस्ताद, उठा.”

वस्ताद हलले नाहीत.

“पोरं बघत्यात, वस्ताद.”

“बघू देत.”

“आवो, तुमची पाठ...”

“लागली. आता?”

जोतिरामला राग आला. मग लाज वाटली. आणि त्या दोन्हींच्या खाली जे होतं, ते पंधरा दिवस नाडीच्या नावावर लपवलेलं, ते वर आलं. बाप गोठ्यात दावं हातात धरून बसल्या जागी गेला, तेव्हा जोतिराम एकोणीस वर्षांचा होता. त्याची पोरगी आता सतराची होती.

तो वस्तादांशेजारी गुडघ्यावर बसला.

“मला भ्या वाटतंय.”

इतक्या हळू बोलला की कडेच्या पोरांना ऐकू गेलं नाही.

“मला कशाला सांगतूस?” वस्ताद म्हणाले. “मी काय तुझ्या घरात ऱ्हातो?”

जोतिरामनं मान वळवली. दारात शालन तशीच उभी होती, चौकट घट्ट धरून. वीस वर्षं समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिलेला हा गडी, पण बायकोच्या डोळ्यांत बघायला त्याला वेळ लागला.

“शालन... लई दुखतं गं. जिन्यावर. सकाळी जोर मारतानाबी दुखलं.”

शालननं पदर तोंडाला लावला. रडली असेल तर तेवढंच. मग पदर कमरेला खोचला.

“रिक्षा आणतीया,” ती म्हणाली. “तवर चालू नका. एक पाऊल न्हाई. बसून ऱ्हावा.”

“व्हय.”

“आणि ती बाई झोपा म्हणाली की झोपायचं.”

“झोपतो.”

रिक्षा आली. जोतिरामनं कपडे चढवले. जाण्याआधी वस्तादांना उठवायला त्यानं हात पुढं केला.

वस्तादांनी हात धरला नाही. मातीवर तसेच पडून ते वर बघत होते.

“तू हो फुडं, ती थांबलीया... साठ वर्षं मी ह्या तालमीत हाय, जोतिराम. आढ्याजवळचं कौल फुटलंय, ते आज दिसलं.”