नऊ गाठींचा दोरा

भाविकहो, डोंगराच्या पायथ्याशी बोरदरा नावाचं गाव होतं. ख्रिस्ती वस्ती पंचवीस उंबऱ्यांची, चर्च लहानसं आणि कौलारू. जोंधळ्याची खळी उरकली की दयादास महाराज खांद्यावर वीणा घेऊन तिथे येत. महाराज येशूनामाच्या कीर्तनाला उभे राहिले की गावातली इतर मंडळीही ओट्यावर येऊन बसत. एका वर्षी महाराज उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे नव्या पिकातला वाटा देवाला वाहायच्या दिवशी आले, आणि त्या दिवशी जे घडलं ते नथू पंचांनी पुढे जन्मभर स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आपलीच फजिती सांगायला छाती लागते!

नथू पंच म्हणजे चर्चचे कारभारी नथानिएल ओहोळ. माणूस सरळ, पण त्या सरळपणाचा ताठा भारी. दशांशाचं तर विचारूच नका. दहा पाट्या जोंधळा झाला की एक पाटी देवाची. कोथिंबिरीच्या दहा जुड्या निघाल्या तरी एक जुडी चर्चच्या पायरीवर! देत होते हे खरं, पण देताना डोळा शेजाऱ्याच्या पाटीवर असायचा.

सणाच्या सकाळी पंच दारातच उभे राहिले. एकेक घर आपली पाटी घेऊन आत गेलं. सर्वांत शेवटी तबिथाबाई आली. ही वस्तीतली सुईण, सगळे तिला तबीमावशी म्हणत. विधवा बाई, ना शेत ना शेरडू. तिचे हात रिकामे होते.

"तबीबाई, दशांश कुठाय?" पंचांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"माझा पोचतोय देवाला, पंच," मावशी हळूच म्हणाली.

"कुठून पोचतो? आभाळातून?"

लोक हसले. तेवढ्यात पंचांची नजर तिच्या मनगटाकडे गेली. तिथे काळा दोरा होता आणि दोऱ्याला गाठी होत्या. पंचांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ख्रिस्ती बाईच्या हातात गंडा! देवाला द्यायला काही नाही, मांत्रिकाला द्यायला बरं आहे! आधी तो दोरा तोड, मग पायरी चढ."

मावशीने मनगट पदराखाली घेतलं. "आत्ता न्हाई सोडता यायचा, पंच. अजून येळ हाय." एवढंच बोलून ती आल्या पावली परत गेली.

महाराज आतून हे पाहत होते. पंच त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "महाराज, आमची शिकलेली पोरं म्हणतात, दशांश जुन्या करारातला, आपण कृपेखाली आहोत, आपल्याला तो लागू नाही. मग चर्चची कौलं कुणी चाळायची? तुम्हीच निकाल द्या."

महाराज म्हणाले, "दिला असता, पंच. पण साक्षीदार तुम्ही आत्ताच दारातून परत पाठवलात."

पंचांना काही उमगलं नाही. वीणा वाजू लागली, कीर्तन रंगात आलं, आणि तोच पंचांची बायको रिबेकाबाई धावत आली. त्यांची एकुलती एक लेक एस्तेर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटेपासून बारीक कळा होत्या, पण पहिलटकरणीला वेळ लागतो म्हणून सुइणीला बोलावलं नव्हतं, आणि आता मूल अडलं होतं. दवाखाना बारा कोसांवर!

पंच अनवाणी पळत सुटले. जाणार कुठे? त्यांचे पाय तबीमावशीच्या झोपडीशी थांबले. जिला तासाभरापूर्वी हाकललं, तिला आता काय म्हणून हाक मारायची? मावशीने त्यांचा चेहरा पाहिला, बोचकं उचललं आणि म्हणाली, "चला."

दुपार कलली. आतून एस्तेरचं ओरडणं येत होतं, ते एकदम थांबलं. मूल जन्मलं होतं, पण रडेना. महाराज अंगणात आले होते. त्यांनी वीणा बाजूला ठेवली, धुळीतच गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभो, हे लेकरू तुझ्या वाट्याचं आहे. तुझा वाटा तू सांभाळ!"

आणि काय सांगावं, आतून टाहो ऐकू आला! रिबेकाबाई डोळे पुशीत बाहेर आली. "निळं पडलं होतं हो पोर. मावशींनीही आशा सोडली होती. महाराजांचा शब्द कानी आला आन् त्यानं श्वास घेतला!"

पंचांनी घाईघाईने नवं लुगडं काढलं, सुपात जोंधळा भरला, वर नारळ ठेवला. मावशी उंबऱ्यावर बसून मनगटाच्या दोऱ्याच्या गाठी एकेक करून सोडत होती.

"हे घे, मावशी."

"न्हाई, पंच. हे घेता यायचं न्हाई."

"सकाळचा राग धरलास?"

"राग कशाचा? एक बाळतपण झालं की मी एक गाठ मारते. नऊ घरचं घेते, त्याच्यावर माझं पोट चालतं. धावं देवाचं. त्याचं कायबी घेत न्हाई. तुमचा नातू धावा हाय, म्हून आता दोरा सोडला."

सूप पंचांच्या हातात तसंच राहिलं. दारात उभं राहून दशांश मागणारे नथू पंच, आणि त्यांच्याच घरात एका सुइणीचा दशांश येऊन पडला होता! तिने ते घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. सकाळी हसलेले सगळे अंगणात उभे होते, आणि पंचांना मान वर करवेना. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"मग सकाळी बोलली का नाहीस गं?"

"देवाला ठावं व्हतं की."

महाराज म्हणाले, "पंच, साक्ष झाली. चर्चची कौलं चाळायला हवीत, तेव्हा पाट्या आणा, आनंदाने आणा. दशांश आणा, त्याहून जास्त आणा. पण दारात उभं राहून दुसऱ्याचं मोजू नका. देवाच्या घरी कुठल्या वाटेनं काय येतं, ते दारातल्या माणसाला दिसत नाही."

पंच महाराजांच्या पायांवर वाकले, तोच महाराज बाजूला सरले. पंचांचं डोकं उंबऱ्याला लागलं, तबीमावशीच्या पायांपाशी. ते तिथून उठेचनात.

"उठा, पंच," मावशी संकोचून म्हणाली. "लोकं बघत्यात."

"बघू देत," पंच म्हणाले. "सकाळीही बघत होतेच."

संध्याकाळी राहिलेलं कीर्तन पुन्हा उभं राहिलं. चर्चच्या दारात त्या वेळी कुणीच नव्हतं. तबीमावशी मोकळ्या मनगटाने पायरी चढली, आणि तिच्या मागून नथू पंच रिकाम्या हातांनी आत गेले.